साष्टींतील फिरंगाण

(नभोवाणीवरील भाषण)

पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत युरोपांतील दर्यावर्दी लोकांनीं जगाच्या पाठीवर जे संचार केले, त्यांची हकीकत आपण शाळेंत शिकलेलों असतों. कोलंबस अमेरिकेस पोंचला, वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतास आला, माजेलानच्या तांड्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली; हीं नांवें आणि सनावळ्या पाठ होतात, आणि हा सारा व्यवहार कोठें तरी दूरच्या महासागरांवर घडला अशी समजूत मनांत घट्ट बसते. अंधेरीस, बोरिवलीस, मुलुंडास किंवा घाटकोपरास राहणाऱ्या आणि रोज सकाळीं आगगाडी गांठण्याच्या घाईंत असणाऱ्या गृहस्थाला हें सहसा सुचत नाहीं कीं, ज्या जमिनीवर आपली इमारत उभी आहे, ती जमीन दोनशेंहून अधिक वर्षें लिस्बनच्या राजाच्या दप्तरीं दाखल होती.

आज मला बोलावयाचें आहे तें त्या दप्तराविषयींच. जहाजें आणि तोफा यांनीं फिरंग्यांना आपल्या किनाऱ्यावर आणलें हें खरें. परंतु साष्टीसारख्या शेतीच्या बेटावर त्यांना दोन शतकें टिकविलें तें कागदानें. समुद्रावर परवान्याचा कागद आणि जमिनीवर फाळ्याचा कागद, या दोन पायांवर तें राज्य उभें होतें. त्या कागदांत काय लिहिलें होतें आणि काय लिहावयाचें राहून गेलें, हें पाहिलें म्हणजे त्या राज्याचा उदय आणि अस्त या दोहोंचाही उलगडा बराचसा होतो.

'साष्टी' हें नांव आतां मागें पडत चाललें आहे. सहासष्ट गांवांचें बेट म्हणून साष्टी, अशी त्याची परंपरागत व्युत्पत्ति सांगतात. पोर्तुगीजांच्या तोंडीं त्याचें 'साल्सेत' झालें आणि इंग्रजांनीं तेंच पुढें चालविलें. दक्षिणेस माहीमची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, उत्तरेस वसईची खाडी आणि पश्चिमेस समुद्र, अशी या बेटाची चतुःसीमा. मधोमध डोंगराची रांग व दाट रान. त्याच्या पश्चिम अंगास अंधेरी, मालाड, बोरिवली, तर पूर्व अंगास कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड. सखल भागांत भाताचीं खाचरें, खाजणाच्या कडेला मिठागरें, किनाऱ्याला कोळीवाडे आणि माडांच्या वाड्या. मुंबई शहराच्या हद्दींत हा प्रदेश इतिहासाच्या मानानें अगदीं अलीकडे आला. १९५० सालीं ही हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत वाढली आणि १९५७ सालीं दहिसर व मुलुंडपर्यंत. तत्पूर्वीं शतकानुशतकें साष्टीचा संसार मुंबईहून निराळा होता आणि तिचें तोंड ठाण्याकडे व वसईकडे होतें.

फिरंगी येण्यापूर्वीं हा समुद्र अगदीं शांत होता आणि युद्ध ही वस्तु त्यांनींच येथें आणली, असें कोणी म्हणत असेल तर त्यानें बोरिवलीजवळच्या एकसर गांवचे वीरगळ पाहावेत. त्या शिळांवर वल्हीं मारीत चाललेल्या नौकांच्या रांगा आणि त्यांवर चाललेलें युद्ध कोरलेलें आहे. बहुतेक अभ्यासक या शिल्पांचा संबंध तेराव्या शतकांत उत्तर कोंकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यांत झालेल्या झगड्याशीं जोडतात. तेव्हां आपल्या खाड्यांनीं आरमारी लढाया पूर्वींही पाहिल्या होत्या. राजे समुद्रावर लढत, चांचे व्यापाऱ्यांना लुटीत, बंदरांत जकात घेतली जाई. परंतु अथांग समुद्र हीच कोणा एका राजाची मालमत्ता आहे, आणि त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गलबतानें त्याची परवानगी काढिली पाहिजे, ही कल्पना मात्र या किनाऱ्याला सर्वस्वी नवी होती.

ती कल्पना पोर्तुगीजांनीं आणली. वास्को द गामा १४९८ च्या मे महिन्यांत कालिकतास उतरला. त्याच्याही चार वर्षें आधीं, १४९४ सालीं, तोर्देसिलास येथें स्पेन आणि पोर्तुगाल या दोन राजांनीं न पाहिलेल्या पृथ्वीची आपसांत वांटणी करून टाकली होती. पोर्तुगाल हा लहानसा देश; त्या काळीं त्याची लोकवस्ती दहा-पंधरा लाखांच्या आसपास. एवढ्या थोड्या माणसांच्या बळावर हिंदुस्थानासारखा खंडप्राय देश जिंकणें शक्य नव्हतें आणि तसा त्यांचा प्रथम विचारही नव्हता. मोक्याचीं बंदरें धरावयाचीं, तेथें कोट बांधावयाचे, आणि मधल्या पाण्यावरील वाहतुकीकडून पैसा घ्यावयाचा, असा त्यांचा बेत होता. त्यासाठीं त्यांनीं जो परवाना सुरू केला त्याला ते 'कार्ताझ' म्हणत. गलबत कोणाचें, तांडेल कोण, माल कोणता, कोठून कोठें जाणार, हें त्यांत लिहिलेलें असे. वाटेंत त्यांच्या बंदरास लागून जकात भरावी लागे. ज्याच्याजवळ हा कागद नसेल त्याचें गलबत धरावें, हा त्यांचा कायदा. पुढें मोंगल बादशहासारख्या बलाढ्य राजालाही या कागदापुढें मान तुकवावी लागली. अकबराच्या घरच्या स्त्रिया हजच्या यात्रेस निघाल्या, तेव्हां त्यांनाही फिरंग्यांच्या परवान्यासाठीं सुरतेस खोळंबून राहावें लागलें. जमिनीवर ज्याच्या लाखांच्या फौजा होत्या त्याच्या घरच्यांना पाण्यावर एका चिठ्ठीची गरज पडावी, यांतच त्या काळच्या सत्तेचें मर्म आहे.

आपल्या भागांत हे लोक केव्हां आले? १५०८ सालीं चौलच्या खाडींत मिसरी व गुजराथी आरमाराशीं झालेल्या लढाईंत फ्रान्सिस्को द आल्मेदा या व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड घेण्यासाठीं बाप दीवकडे निघाला, आणि १५०९ च्या जानेवारींत त्याचें आरमार माहीम-मुंबईच्या पाण्यांत येऊन गेलें. १५१० सालीं आल्बुकर्कनें गोवें घेतलें, १५२१ सालीं चौलला कोटाचें काम सुरू झालें. ठाणें, माहीम, वसई हीं बंदरें तेव्हां गुजराथच्या सुलतानाकडे होतीं. त्यांवर वरचेवर हल्ले करून जाळपोळ करावयाची आणि खंडणी उकळावयाची, असा क्रम चालू झाला. १५३३ सालीं नुनो द कुन्या या गव्हर्नरानें वसईवर चाल करून तेथील तटबंदी पाडून टाकली.

याच सुमारास गुजराथचा सुलतान बहादुरशहा दुहेरी संकटांत सांपडला. उत्तरेकडून हुमायून त्याच्यावर चालून येणार हें स्पष्ट दिसत होतें. एका वेळीं दोन शत्रूंशीं झुंजणें त्याला परवडणारें नव्हतें. तेव्हां समुद्रावरील शत्रूला कांहीं देऊन गप्प बसवावें आणि हात मोकळे करून घ्यावे, असा हिशेब त्यानें केला. २३ डिसेंबर १५३४ या दिवशीं वसईजवळ उभ्या असलेल्या 'सांव मातेउस' नांवाच्या जहाजावर तह झाला. त्या तहानें वसई आणि तिच्या ताब्यांतील मुलूख व बेटें पोर्तुगालच्या राजाला कायमचीं मिळालीं. साष्टी त्यांत होती, मुंबईही होती. गुजराथच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गलबतांनीं वसईस येऊन परवाना घ्यावा आणि जकात भरावी, तसेंच सुलतानानें आपल्या बंदरांत लढाऊ जहाजें बांधूं नयेत, अशींही कलमें त्यांत होतीं. पुढच्याच वर्षीं दीवला कोट बांधण्याची परवानगी मिळाली, आणि १५३७ च्या फेब्रुवारींत दीवच्या समुद्रांत पोर्तुगीजांशीं झालेल्या झटापटींत बहादुरशहाच प्राणास मुकला.

श्रोतेहो, या तहाकडे क्षणभर लक्षपूर्वक पाहा. अंधेरीच्या खाचरांत जो कुणबी राबत होता, वेसाव्याच्या किनाऱ्यावर जो कोळी जाळें वाळवीत होता, त्याच्या गांवावरून त्या दिवशीं एक राज्य गेलें आणि दुसरें आलें. पण त्यासाठीं साष्टींत एकही लढाई झाली नाहीं. एका संकटांत सांपडलेल्या सुलतानानें दूरच्या कांठावरचा मुलूख सोडून दिला आणि दुसऱ्यानें तो लिहून घेतला. वसाहतींच्या इतिहासांत विजयाचीं वर्णनें फार येतात. परंतु कित्येक मुलूख असेच, तेथील रहिवाशांना न विचारतां, सहीनें गेले आहेत. साष्टीच्या बाबतींत तर हा प्रकार पुढें आणखी एकदां घडावयाचा होता.

आतां जमिनीवरच्या कागदाकडे वळूं. समुद्राचा मालक म्हणून आलेल्या फिरंग्याच्या हातीं येथें प्रथमच भाताचा मोठा मुलूख आला. त्याची व्यवस्था कशी लावावी? सिमांव बोतेल्यो नांवाच्या खजिन्याच्या अधिकाऱ्यानें गांवोगांवच्या उत्पन्नाची नोंद करून १५५४ सालीं एक मोठें दप्तर सिद्ध केलें. पोर्तुगीजांत त्याला 'तोंबो' म्हणतात. कोणतें गांव, कोणाकडे, किती फाळ्यानें, हें त्यांत लिहिलेलें आहे. आधींच्या सुलतानी अमलांत जो वसूल चालत होता, त्याच्याच पायावर ही नवी नोंद रचली गेली. मुंबईचें बेट त्या वेळीं गार्सिया द ऑर्ता या वैद्याकडे फाळ्यानें होतें. हा विद्वान मनुष्य. हिंदुस्थानांतील औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ सालीं गोव्यास छापला गेला. परंतु त्याचें घराणें मूळचें यहुदी. तो १५६८ सालीं वारला, आणि १५८० सालीं गोव्याच्या धर्मन्यायालयानें त्याचीं हाडें थडग्यांतून उकरून जाळलीं. ज्या राज्यानें त्याला एक अख्खें बेट दिलें, त्याच राज्यानें त्याला मेल्यावरही सोडलें नाहीं.

गांवें देण्याची पद्धति अशी होती. पोर्तुगीज उमरावाला किंवा शिपायाला त्याच्या चाकरीबद्दल एखादें गांव तीन हयातींच्या मुदतीनें मिळे. म्हणजे तो स्वतः, त्याच्यामागें त्याचा वारस, आणि त्यानंतर आणखी एक. त्यानें सरकारांत ठराविक फाळा भरावा, मुलखांत राहावें आणि प्रसंग पडल्यास घोडा व हत्यारें घेऊन चाकरीस हजर व्हावें. या फाळ्याला पोर्तुगीज भाषेंत 'फोरो' म्हणत. राजाच्या खर्चानें पाठविलेल्या अनाथ पोर्तुगीज मुलींनाही अशीं गांवें हुंड्यादाखल मिळत, आणि त्यांच्याशीं लग्न करणारा गृहस्थ त्या गांवाचा मालक होई. निरनिराळ्या धर्मपंथांच्या मठांनाही गांवें मिळालीं आणि कालांतरानें साष्टीच्या जमिनीचा फार मोठा भाग त्यांच्याकडे गेला. दमणपासून चौलपर्यंतच्या या साऱ्या उत्तर प्रांताला मराठी लोक 'फिरंगाण' म्हणत. गोव्याच्या राज्याचें हें कोठार होय. येथला तांदूळ गोव्यास जाई, वसईचा दगड तेथल्या इमारतींना लागे, येथल्या रानांतलें लांकूड जहाजांच्या कामीं येई. पूर्वेच्या समुद्रावर मिरविणारें तें वैभव बरेंचसें साष्टी-वसईच्या चिखलांत पिकत होतें, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

या सर्व व्यवहारांत जमीन कसणाऱ्या कुळाचें स्थान काय? दप्तरांत गांवाचें नांव आहे, फाळ्याची रक्कम आहे, मालकाचें नांव आहे. कूळ हें जमिनीबरोबर येणारी वस्तु म्हणून गृहीत धरलेलें आहे. लिस्बनहून आलेला मालक तीन पिढ्यांनीं बदलला, पण खाचरांतला माणूस तोच राहिला.

कागदाच्या जोडीला धर्म होता, आणि येथें विषय नाजूक होतो. पोपनें पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील मुलखांत धर्मप्रसाराचा अधिकार दिला होता आणि त्याबरोबर ती जबाबदारीही. त्यामुळें राज्य आणि धर्म यांच्यामध्यें सीमारेषाच उरली नाहीं. बोरिवलीजवळचें मंडपेश्वर हें प्राचीन शैव लेणें. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पंथाचा साधु आंतोनियो दो पोर्तो यानें तें ताब्यांत घेऊन तेथें प्रार्थनामंदिर केलें. वरच्या बाजूस मठ व पाठशाळेची इमारत उठली. लेण्याच्या एका भिंतीवर जुनें शिल्प तासून त्या जागीं मोठा क्रूस कोरला गेला. तो आजही दिसतो आणि नृत्य करणारा शिवही आंत तसाच उभा आहे. देवळांकडे पूर्वापार चालत आलेलें उत्पन्न काढून तें ख्रिस्ती संस्थांकडे वर्ग करावयाचें, अशी रीत होती. म्हणजे येथेंही देवाच्या मागोमाग जमिनीचा कागद बदलला. सरकारी हुकुमान्वयें ज्या हिंदु मुलांना बाप उरलेला नाहीं त्यांना धर्मसंस्थेच्या हवालीं करावें असें ठरलें. आई जिवंत असतां तिच्या मांडीवरचें मूल कायद्यानें दुसऱ्याचें ठरावें, याहून मोठा जाच तो कोणता?

परंतु इतिहास सरळ रेषेंत चालत नाहीं. याच पाद्र्यांपैकीं व अधिकाऱ्यांपैकीं कांहीं जण जिज्ञासूही होते. पुढें व्हाइसरॉय झालेल्या जुआंव द कास्त्रो यानें १५३८-३९ च्या आपल्या सागरप्रवासांत घारापुरी आणि कान्हेरी येथील लेण्यांचें वर्णन आश्चर्यानें लिहून ठेविलें. आंतोनियो दो पोर्तो हा कान्हेरीच्या डोंगरांतील भुयारांत माणसें व शिधा घेऊन सात दिवस फिरला आणि त्याला शेवट सांपडला नाहीं, अशी गोष्ट दियोगो दो कौटो या इतिहासकारानें दिली आहे. हा कौटो गोव्याच्या सरकारी दप्तरखान्याचा प्रमुख होता. त्याच्या लेखनांतली एक गोष्ट फारच मनोवेधक आहे. कान्हेरीचें काम कोणी केलें, असें त्यानें साष्टींतील एका वृद्धाला विचारलें. एका राजानें आपल्या पुत्राला जगाचें दुःख दिसूं नये म्हणून तें केलें, अशा आशयाचें उत्तर त्याला मिळालें. कौटोला तत्काळ युरोपांत पूज्य मानल्या गेलेल्या संत जोसाफाटची कथा आठवली आणि दोन्ही एकच असावींत असें त्यानें लिहून ठेविलें. आज आपल्याला ठाऊक आहे कीं, जोसाफाटची ती कथा म्हणजे गौतम बुद्धाचेंच चरित्र. इराणी व अरबी भाषांतून फिरत फिरत तें युरोपांत पोंचलें आणि तेथें ख्रिस्ती संतचरित्र बनलें. बोरिवलीच्या रानांत एका अनाम म्हाताऱ्याच्या तोंडून त्या दोन धाग्यांची गांठ पुन्हां पडली! ज्या लेण्यांचें फिरंगी देवालय करूं पाहात होते, त्याच लेण्यांतला राजपुत्र त्यांच्या संतमालिकेंत आधींच जाऊन बसलेला होता.

अंधेरीच्या पूर्वेस जेझुइट पंथानें १५७९ सालीं बांधलेल्या संत जॉन बाप्टिस्टच्या देवळाचे अवशेष आहेत. १८४० च्या सुमारास सांथीमुळें गांवकऱ्यांनीं ती जागा सोडली व मरोळास नवें देऊळ उभारलें. जुन्या देवळाच्या भिंती आज सीप्झ या उद्योगवसाहतीच्या आवारांत उभ्या आहेत. निर्यातीच्या मालासाठीं खास राखलेल्या जागेंत, समुद्रपार व्यापारासाठीं आलेल्या लोकांचें हें स्मारक असावें, हा योगायोग म्हणावयाचा.

आतां दुसऱ्या सहीची गोष्ट. १६६१ च्या जून महिन्यांत इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथेरिन यांच्या विवाहाचा करार झाला, आणि त्यांत मुंबई आंदण दिली गेली. पण मुंबई म्हणजे नेमकें काय? इंग्रज म्हणत, तींत साष्टीही आली. पोर्तुगीज म्हणत, मुळींच नाहीं. गोव्याच्या व्हाइसरॉयचा तर मुंबई देण्यालाच विरोध होता. हें बंदर इंग्रजांच्या हातीं गेलें तर हिंदुस्थानांतील आपलें राज्य संपलें, असा इशारा त्यानें राजाला दिला होता. अखेर १६६५ सालीं इंग्रजांना केवळ मुंबईचें बेट मिळालें आणि १६६८ सालीं राजानें तें दरसाल दहा पौंड भाड्यानें कंपनीला देऊन टाकलें. तेव्हांपासून माहीमची खाडी ही दोन युरोपीय राज्यांमधली सरहद्द बनली: अलीकडे माहीमला इंग्रज, पलीकडे वांद्र्याला पोर्तुगीज, आणि दोन्ही कांठांवर जकातीचे नाके.

अठराव्या शतकांत या राज्याची नौका गळूं लागली. डच व इंग्रज यांनीं समुद्रावरचा परवान्याचा मक्ता मोडला होता, पैसा आटला होता, शिपाई थोडे होते. ठाण्याचा कोट बांधावयास १७३० च्या सुमारास घेतला, पण तो पुरा झाला नाहीं. तथापि राज्य बुडालें तें केवळ दारिद्र्यानें नव्हे. फाळ्याच्या दप्तरांत ज्याला रकाना नव्हता तो असंतोष आंतून पोखरीत होता. धर्माचरणांत अडथळे, वतनांवर गदा, देवस्थानांचा उच्छेद, यांनीं गांजलेले लोक सह्याद्रीकडे पाहूं लागले. मालाडचे अंताजी रघुनाथ आणि अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु यांनीं पेशव्यांकडे जाऊन मदतीची याचना केली, मुलखाची माहिती दिली, वाटा दाखविल्या. साष्टीच्या बखरींत या खटपटीची हकीकत आहे.

१७३७ च्या मार्चअखेर मराठ्यांनीं ठाणें घेतलें, आणि बघतां बघतां साष्टीचा बहुतेक भाग त्यांच्या हातीं आला. वेसावें मात्र १७३९ पर्यंत झुंजलें. चिमाजी अप्पानें १७३९ च्या फेब्रुवारीपासून वसईचा कोट वेढला. सुरुंग, तोफा आणि हातघाई यांनीं दोन्हीकडे माणसांची भयंकर हानि झाली. आणि पोर्तुगीजही शौर्यानें लढले हें मान्य केलें पाहिजे. त्यांच्या किल्लेदारानें मुंबईकर इंग्रजांकडे मदत मागितली तेव्हां त्यांनीं पंधरा हजार रुपये उसने दिले, ते देवळांतलीं चांदीचीं भांडीं आणि पितळी तोफा गहाण ठेवून घेऊन. १७३९ च्या मे महिन्यांत वसई शरण आली. चिमाजीनें शत्रूला सन्मानानें, कुटुंबकबिला व चीजवस्तु घेऊन, जहाजांतून जाऊं दिलें. देवळांच्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून घांटावर गेल्या; नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आणि वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. मंडपेश्वराच्या भिंतीवर क्रूस आणि गोदाकांठच्या शिवालयावर ख्रिस्ती घंटा: दोन शतकांच्या या प्रकरणाचा जमाखर्च एवढ्या दोन वस्तूंत मांडतां येईल.

मराठ्यांचा अंमल साष्टीवर सुमारें सदतीस वर्षें राहिला. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास येत आहे अशी वार्ता उठतांच इंग्रजांनीं १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्यावर हल्ला करून तें घेतलें; आणि ६ मार्च १७७५ रोजीं गादीसाठीं आतुर झालेल्या रघुनाथरावानें सुरतेच्या तहांत साष्टी व वसई इंग्रजांना लिहून दिली. साष्टी इंग्रजांकडे राहील हें १७८२ च्या सालबाईच्या तहानें पक्कें झालें. अडचणींत सांपडलेला राज्यकर्ता आणि त्याची सही, हा १५३४ चाच प्रसंग पुन्हां घडला. फरक एवढाच कीं, या वेळीं लिहून देणारा हात मराठी होता.

नव्या धन्यानें जुना कित्ता टाकला नाहीं. अखंड गांवें एकेका माणसाला लावून देण्याची चाल कंपनीनेंही ठेविली. पवईची जमीन १७९९ सालीं डॉक्टर स्कॉट यांस आणि पुढें १८२९ च्या सुमारास फ्रामजी कावसजी बनाजी यांस मिळाली, हें त्याचें एक ठळक उदाहरण. 'फोरो' शब्द तर मुंबईंत 'फोरास' होऊन राहिला. १८५१ सालीं फोरास जमिनींसाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला आणि फोरास रोडच्या रूपानें तो रस्त्याच्या पाटीवरही चढला. मराठी भाषेंत फिरंग्यांनीं ठेवलेले इतर शब्दही पाहण्यासारखे आहेत: पगार, लिलांव, चावी, घमेलें, पाव, हापूस, काजू, अननस. यांत राजवैभवाचा शब्द एकही नाहीं. कचेरी, मजुरी आणि स्वयंपाकघर या तीन ठिकाणींच सामान्य माणसाची त्यांच्याशीं गांठ पडली आणि तेवढीच भाषेनें टिपून ठेविली.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटीं सांगतों. १७३९ सालीं युरोपीय मालक आणि पाद्री निघून गेले, पण साष्टीचे ख्रिस्ती लोक कोठें गेले नाहींत. ते जाणार तरी कोठें? त्यांची शेतें, त्यांचीं जाळीं, त्यांच्या वाड्या येथेंच होत्या. देशी पाद्र्यांनीं त्यांचें धर्मकार्य चालविलें. मुंबईंत त्यांना 'पोर्तुगीज ख्रिस्ती' म्हणत. १८८७ सालीं आपली संस्था स्थापन करतांना त्यांनीं त्या ऐवजीं 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें. दोन्ही नांवें परक्या राज्यांच्या छायेंतलीं. पण घरांत, लग्नाच्या गाण्यांत आणि भांडणांतही त्यांची भाषा मराठीच. मरोळ, आंबिवली, कुर्ला, गोराई येथल्या गांवठाणांतून अंगणांत क्रूस असलेलीं कौलारू घरें उंच इमारतींच्या गर्दींत अजून तग धरून आहेत. अशा घरांतल्या मनुष्याला कोणी 'बाहेरचा' म्हणूं लागलें, तर त्याच्या पूर्वजांनीं या जमिनींत केलेल्या पेरणीचा विसर पडला असेंच म्हणावें लागेल. त्यांनीं देव बदलला असेल, खुषीनें असेल वा जुलमानें. पण गांव बदललें नाहीं. उलट आपल्यापैकीं बहुतेक जण गेल्या शंभर वर्षांतच या गांवांत राहावयास आलों.

साष्टीच्या इतिहासानें शिकविलेला धडा माझ्या मतें हाच आहे. एखादें राज्य जमीन किती नीट मोजतें यावर त्याचें आयुष्य ठरत नाहीं. त्या जमिनीवरच्या माणसाला तें मोजतें कीं नाहीं, यावर ठरतें. लिस्बनच्या राजाचें दप्तर चोख होतें. आज साष्टींत पुन्हां नवीं दप्तरें तयार होत आहेत, पुन्हां गांवठाणांच्या सीमा आंखल्या जात आहेत. त्यांत राहणाऱ्यांचें नांव प्रथम लिहिलें जावें, एवढें पाहणें आपल्या हातीं आहे.